‘इच्छापूर्ती म्हणजे पैशांची उधळपट्टी’ : त्या फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. सारांश असा : आजारी मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या संस्था मरणाच्या दारातल्या पोराला दोन दिवसांची मौज देतात, त्याच पैशांत उपचार झाले असते, मुलाला काही कळत नसतं, मागणी आईबापांचीच असते, आणि फोटो निघाले की सगळे पसार. यातल्या शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे, पहिल्यात अजिबात नाही.

‘मरणाच्या दारातली मुलं.’ निकष जिवावर बेतू शकणाऱ्या आजाराचा आहे, शेवटच्या दिवसांचा नाही. गैरसमज कुठून आला ते कळतं. १९८० साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेल्या सात वर्षांच्या मुलाला तिथल्या पोलिसांनी एक दिवस पोलीस बनवलं, काही दिवसांत तो गेला, आणि त्यातून मेक-अ-विश ही इच्छा पुरवणारी संस्था उभी राहिली. पण २०१३ मध्ये बॅटमॅन व्हायची इच्छा असलेल्या ज्या पाच वर्षांच्या ‘बॅटकिड’साठी सॅन फ्रान्सिस्को रस्त्यावर उतरलं, त्याचे ल्युकेमियाचे उपचार तोवर संपले होते. आपल्याकडे थॅलेसेमियाची, म्हणजे ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागणारी मुलंही इच्छा सांगतात, आणि त्यांना पुढे शाळा-कॉलेज करायचं असतं.

‘त्याच पैशांत उपचार.’ ल्युकेमियाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. मुलानं मागितलेल्या एका सायकलीच्या किमतीत त्यातलं फारसं काही भागत नाही. उपचारांचा पैसा वेगळ्या वाटेनं येतो : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, धर्मादाय रुग्णालयांतल्या निर्धनांसाठीच्या १० टक्के मोफत आणि दुर्बल घटकांसाठीच्या १० टक्के सवलतीच्या खाटा. त्यासाठी रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकांकडे जायचं. औषधंच अडली असतील तर आधी ही फाइल, मग इच्छा. हा क्रम मात्र पाळलाच पाहिजे.

‘दोन दिवसांची मौज.’ इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा अंदाज सपशेल चुकतो. इस्रायलमध्ये ६६ मुलांवर चाचणी झाली : काहींची इच्छा पूर्ण केली, बाकीची प्रतीक्षा यादीत. काही महिन्यांनी पहिल्या गटात नैराश्य आणि चिंता कमी, आशा जास्त दिसली. ओहायोतल्या एका बालरुग्णालयानं जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा इच्छा पूर्ण झालेल्या मुलांना अचानक भरती व्हायची वेळ कमी आल्याचं दिसलं. हा दुसरा अभ्यास मागे वळून केलेला आहे, म्हणून त्यावरून ‘इच्छेनं आजार हटतो’ असं कुणी म्हणू नये.

पण इच्छेचा हा परिणाम होतो कशानं? सुई कधी, सलाइन कधी, शाळा बंद कधी, यातलं काहीच मुलाला विचारून होत नाही. इच्छा ही एकच गोष्ट त्यानं ठरवायची असते, आणि मग तिची वाट बघायची असते. म्हणून तारीख नीट धरावी लागते. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, ५०० च्या खाली असल्या तर गर्दी बंद. प्लेटलेट कमी असतील तर सायकल चालवणंही थांबतं, कारण पडल्यावर रक्तस्राव आवरत नाही. सीबीसी ही रक्तपेशी मोजणारी तपासणी एक-दोन दिवस आधी, डॉक्टरांचा होकार लेखी, पर्यायी तारीख हाताशी. मुलाला आठवडा सांगावा, तारीख नाही. आदल्या रात्री ३८ अंश सेल्सिअस ताप आला तर सगळं रद्द करून थेट रुग्णालय गाठावं लागतं. थॅलेसेमियाच्या मुलाचा प्रवास रक्त चढवल्यावर लगेचच्या दिवसांत ठेवावा. पुढचं रक्त जवळ आलं की मूल दमतं. केमो चालू असताना कुत्र्याचं पिल्लू मागितलं तर उपचार संपेपर्यंतचा वायदा करावा आणि तो पाळावा.

‘मागणी आईबापांची.’ हा धोका खरा आहे, म्हणूनच इच्छा विचारायला संस्थेच्या दोघांनी जायचं. एकजण आईबाबांबरोबर कागदपत्रं भरतो, दुसरा मुलाशेजारी खडू घेऊन बसतो. ‘तुला काय हवं?’ असं विचारलं की टीव्हीवरची जाहिरात ऐकू येते. ‘उद्या दवाखाना नसता तर दिवसभर काय केलं असतंस?’ असं विचारलं की मूल बोलू लागतं. तीन इच्छा क्रमानं लिहून घ्यायच्या, काही दिवसांनी पुन्हा विचारायच्या. उत्तर देण्याआधी मूल आईकडे बघतंय का, तेही बघायचं. सहा वर्षांच्या मुलानं लॅपटॉप मागितला आणि रॅम किती ते सांगितलं, तर दादाची चौकशी करावी! त्या दादावर मात्र चिडू नये. वर्षभर त्याच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. इच्छेच्या दिवशी त्यालाही एखादं काम द्यावं.

‘फोटो.’ हे होतं. वॉर्डात केक, वीस पाहुणे, बॅनर, आणि मूल मास्कमागे गप्प. गावात तर मुलीच्या आजाराची बातमी दहा वर्षांनी लग्नाच्या बोलण्यात निघते. म्हणून फोटोची संमती वेगळ्या कागदावर घ्यावी, ती नाकारली तरी इच्छा पूर्ण व्हावी, आणि शाळेचं नाव किंवा आजार कुठेच छापू नये. नोंदणी फी किंवा ओटीपी मागणारा फोन आला तर ठेवून द्यावा. इच्छेसाठी कुटुंबाकडून पैसे घ्यायचे नसतात. सही पालकांची असली तरी मूल फोटोला ‘नको’ म्हणालं, तर कॅमेरा पिशवीत जातो.