कस्तुरबांचा हार आणि आभाराची पत्रं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गांधीजींच्या पत्रव्यवहारातल्या भेटवस्तूंवर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. मोठ्या माणसांची आभाराची पत्रं हा नुसता शिष्टाचार असतो, त्यात माणूस शोधायला जाऊ नये. लोकांनी प्रेमानं दिलेली वस्तू स्वतःकडे न ठेवणं हा देणाऱ्याचा अपमान. आणि तिसरा, कस्तुरबांना मिळालेला हार गांधीजींनी समाजासाठी देऊन टाकला त्याबद्दल, तुमच्याच शब्दांत: ‘बायकोला मिळालेला हार काढून घेण्यात कौतुक कसलं?’ या तिसऱ्यावर मला बरंच बोलायचं आहे, म्हणून आधी पहिल्या दोघांकडे वळतो.

शिष्टाचाराची पत्रं असतात, हे खरंच. पण नोव्हेंबर १९४७ मधली ही चिठ्ठी बघा. राजकन्या एलिझाबेथच्या लग्नासाठी गांधीजींनी सुती लेसचा एक रुमाल माउंटबॅटन यांच्याबरोबर लंडनला पाठवला. सोबतची चिठ्ठी ९ तारखेची, जेमतेम चार-पाच ओळींची. त्यात काय आहे? सूत दुपदरी आहे आणि ते मी स्वतः कातलेलं आहे. विणकाम एका पंजाबी मुलीनं केलं, तिला आभाच्या (गांधीजींच्या नातसुनेच्या) नवऱ्यानं शिकवलं. वधूवरांना सेवेचं, सुखाचं दीर्घ आयुष्य लाभो. बस. तिकडे राजवाड्यात मांडलेल्या भेटींमध्ये वधूची आजी राणी मेरी यांना तो रुमाल म्हणजे गांधीजींचं कमरेचं वस्त्र वाटलं आणि त्या संतापल्या. वस्तू एकच, पण चिठ्ठी वाचणाऱ्याला ती एक दिसते आणि न वाचणाऱ्याला भलतीच. त्या ओळी नसत्या तर ते सूत कुणी कातलं आणि कुणी विणलं, हे आज आपल्याला कुठून कळलं असतं? एलिझाबेथ राणींनी तो रुमाल जपून ठेवला होता. २०१८ मध्ये भारताचे पंतप्रधान भेटीला गेले तेव्हा त्यांनी तो काढून दाखवला.

दक्षिण आफ्रिकेतले मंत्री जनरल स्मट्स यांचं लिखाणही असंच. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्यासाठी गांधीजींनी तिथेच चपला तयार केल्या आणि १९१४ मध्ये आफ्रिका सोडताना त्यांना भेट दिल्या. १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानं स्मट्स यांनी लिहिलं की कित्येक उन्हाळे मी त्या वापरल्या, पण एवढ्या थोर माणसाच्या चपलांत पाय घालायची माझी योग्यता नाही. पंचवीस वर्षांनी आलेली ही पोच शिष्टाचार म्हणून कोण लिहील?

आता अपमानाचं. दक्षिण आफ्रिकेत १९०१ मध्ये निरोपाच्या वेळी मिळालेल्या वस्तू गांधीजींनी घरोघर जाऊन परत केल्या, असा तुमचा समज झालेला दिसतो. तसं झालं नाही. त्यांनी डर्बनहून तिथले व्यापारी पारसी रुस्तमजी यांना ऑक्टोबरमध्ये पत्र लिहिलं आणि १८९६ पासूनच्या सगळ्या मौल्यवान वस्तू समाजाच्या नावे विश्वस्तांकडे सोपवल्या. त्या पत्राची यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. सोन्याचं पदक, साखळी, घड्याळ, हिऱ्याची अंगठी, हिऱ्याची टाचणी, चांदीचा पेला आणि तबक. आणि प्रत्येक वस्तूपुढे ती देणाऱ्याचं नाव. खुद्द रुस्तमजींनी दिलेली साखळी आणि सात सोन्याची नाणीही त्यात आहेत, म्हणजे देणाऱ्यालाच राखणदार केलं. मला यात अपमान दिसत नाही. कुणी काय दिलं याची इतकी नीट नोंद ठेवणं हाच मला त्यांच्या आभाराचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. आपल्याकडे टिळकांनीही हेच केलं होतं. साठीनिमित्त जुलै १९१६ मध्ये पुण्यात गायकवाड वाड्यात त्यांना एक लाखाची थैली दिली, ती त्यांनी राष्ट्रकार्यासाठी म्हणूनच घेतली. त्यावर कुणी रागावल्याचं मी वाचलेलं नाही.

आता हार. त्या यादीत त्याला एक ओळ आहे. गुजराती हिंदूंनी दिलेला, पन्नास गिनींचा, कस्तुरबांसाठी. त्या ओळीमागे घरात काय घडलं ते पुढे गांधीजींनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. वस्तू मिळाल्या त्या रात्री त्यांना झोप नव्हती, खोलीत येरझारा चालल्या होत्या. ठेवणं कठीण आणि सोडणंही कठीण. शेवटी त्यांनी विश्वस्तपत्राचा मसुदा केला, सकाळी मुलांना पटवलं आणि मग मोर्चा कस्तुरबांकडे वळवला. कस्तुरबा म्हणाल्या, तुम्हाला नको, मुलांनाही नको, ती तर तुम्ही म्हणाल तसं नाचतील. मला घालू देत नाही तेही समजते. पण उद्या सुना येतील त्यांचं काय? उद्या काय होईल ते कुणी पाहिलंय? इतक्या प्रेमानं दिलेलं मी परत देणार नाही. गांधीजींनी विचारलं, हार तुझ्या सेवेबद्दल मिळाला की माझ्या? त्यावरचं उत्तर असं होतं: तुमची सेवा ती माझीही झाली. रात्रंदिवस तुमच्यासाठी राबले, ही सेवा नव्हे? येईल त्याला घरी आणून बसवलंत, मला रडवलंत, तरी मी त्यांचं केलंच ना!

माझ्या मते या वादात कस्तुरबांची बाजू बरोबर होती. त्या घरात आलेल्या-गेलेल्यांचं, आश्रितांचं सगळं त्यांनीच निभावलं होतं, त्यामुळे हारावर त्यांचा हक्क होता. गांधीजींनी त्यांची संमती मिळवली ती रेटून, आणि तसं त्यांनी स्वतःच म्हटलंय. काही वार वर्मी लागले, हेही लिहिलंय. म्हणून लेखात मी त्यागाचं कौतुक केलं ते समाजाच्या पैशाबद्दल. हाराबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

पण त्याला धरूनच एक पुढची गोष्ट सांगतो. जानेवारी १९३४, मलबारमधलं वडकरा. हरिजन निधीसाठी सभा भरली होती. कौमुदी नावाची सोळा वर्षांची मुलगी व्यासपीठावर आली. तिनं एक बांगडी काढून दिली आणि स्वाक्षरी मागितली. स्वाक्षरी होते न होते तोच दुसरीही काढली. मग गळ्यातलं, मग कानातलं. गांधीजींनी तिला थांबवून विचारलं, आईवडिलांची परवानगी आहे का? चौकशी केली तेव्हा कळलं, तिचे वडील त्याच सभेत मानपत्रांच्या लिलावात मदत करत होते. पुढे नवे दागिने मागायचे नाहीत, हेही त्यांनी तिला सांगून टाकलं. मग स्वाक्षरीबरोबर एक ओळ लिहून दिली: तू टाकलेल्या दागिन्यांपेक्षा तुझा त्याग हा अधिक खरा दागिना आहे.

१९०१ मध्ये घरातल्या बाईला प्रश्न विचारून कोंडीत पकडणारा माणूस १९३४ मध्ये अनोळखी मुलीला आधी थांबवतो, मग घेतो. डर्बनच्या रात्रीचे वार त्यांच्या मनात राहिले होते म्हणून असं झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण रुस्तमजींना लिहिलेलं पत्र, आत्मकथेतलं ते प्रकरण आणि कौमुदीला दिलेली ओळ, तिन्ही एका बैठकीत शेजारी ठेवून वाचा, अशी तुम्हाला विनंती आहे. वाचून झाल्यावरही तुमचा आक्षेप कायम राहिला तर जरूर लिहा. विशेषतः सुनांबद्दल कस्तुरबांनी जे विचारलं, त्याचं समाधानकारक उत्तर या तिन्हींपैकी एकातही मला सापडलेलं नाही, आणि त्यावर तुमचं मत ऐकायला मला आवडेल.