कक्ष तापमानाला थंड होऊ द्यावे

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात 'मिश्रण कक्ष तापमानाला थंड होऊ द्यावे' हे वाक्य दर दोन पानांनी भेटते. ज्याने ते लिहिले त्याने एप्रिल महिन्यात, लातूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या छताखालच्या प्रयोगशाळेत भर दुपारी उभे राहून ते लिहिलेले नाही, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. त्याच्या कक्षाचे तापमान 25 अंश असावे. आमच्या कक्षाचे त्या दिवसांत 40 च्या आसपास असते, त्यामुळे बर्नरवरून उतरवलेले मिश्रण पुस्तकाच्या आज्ञेप्रमाणे कक्ष तापमानाला येते तेव्हा ते आंघोळीच्या पाण्याइतके कोमट असते आणि थंड झाल्यावर त्यात जे स्फटिक दिसायला हवेत त्यांचा मागमूस नसतो.

असे स्फटिक ज्यांचे करायचे ती संक्रमण धातूंची कॉम्प्लेक्स संयुगे, म्हणजे तांबे, लोह, कोबाल्ट अशा धातूच्या अणूभोवती इतर रेणू किंवा आयन बसून झालेले पदार्थ, ही मुळात थंड मुलखातली मंडळी. कोपनहेगनच्या यॉर्गन्सन यांनी कोबाल्ट आणि अमोनियाची संयुगे करण्यात हयात घालवली; झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 मध्ये या संयुगांची रचना कशी असते हे सांगितले, आणि 1913 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वेर्नर यांचे विद्यार्थी सुरुवातीला ज्या कोंदट तळघरांत काम करीत त्यांना 'कॅटाकोम्ब' असे नाव पडले होते, म्हणजे प्रेते पुरण्याची भुयारे. चरित्रकार हे मोठ्या हळहळीने सांगतात. मला मात्र ते वाचताना हेवा वाटतो, कारण झुरिकचे तळघर म्हणजे फुकटचा गारवा.

आमचा गारवा रसवंतीवरून येतो. प्रात्यक्षिकाच्या सकाळी प्रयोगशाळेचे परिचर, ज्यांना विद्यार्थी आणि आता आम्हीही मामा म्हणतो, सायकल घेऊन बसस्थानकासमोर जातात आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन येतात. तिचा काही भाग रस्त्याला अर्पण झालेला असतो. "सर, बर्फ वितळायलाय, पोरायला म्हणावं हात उचला," अशी मामांची घोषणा झाली की परीक्षा खऱ्या अर्थाने सुरू होते. रसवंतीच्या मालकांकडे पावतीपुस्तक एकच आहे आणि त्यावर 'उसाचा रस' असे छापलेले आहे, त्यामुळे कार्यालयातील दप्तरानुसार रसायनशास्त्र विभाग प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या दिवशी सामुदायिक रसपान करतो. लेखापरीक्षकांनी यावर एकदा लेखी खुलासा मागवला होता. 'सदर रस स्फटिकीकरणासाठी वापरण्यात आला' असे उत्तर वरिष्ठ लिपिकांनी परस्पर देऊन टाकले, आणि आश्चर्य म्हणजे ते मान्यही झाले.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा टेट्राअमाईन कॉपर सल्फेट हे तांबे आणि अमोनियाचे संयुग येते. याचा कच्चा माल म्हणजे मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट, आणि मोरचुदाशी आमच्या मुलांची ओळख पुस्तकातली नव्हे. जालन्याकडून आलेल्या एका मुलाने तोंडी परीक्षेत कॉपर सल्फेटचा उपयोग विचारताच मोसंबीच्या बुंध्याला लावायच्या बोर्डो पेस्ट या बुरशीनाशकाची कृती चुन्याच्या प्रमाणासकट सांगितली आणि वर 'सर, तुमची झाडं किती?' असे परीक्षकांनाच विचारले. प्रयोग तसा सोपा आहे. मोरचुदाच्या द्रावणात तीव्र अमोनिया थेंब थेंब घालायचा. आधी फिकट निळा गाळ येतो, तो पाहून विद्यार्थी सगळे नासले असे समजून माझ्याकडे धावतो, मी 'अजून घाल' म्हणतो, आणि गाळ विरघळून असा गडद निळा रंग उमटतो की त्या क्षणापुरते प्रत्येकाला रसायनशास्त्र घेतल्याचे सार्थक वाटते.

त्या क्षणापुरतेच. अमोनियाची बाटली उन्हाळ्यात उघडणे हे स्वतंत्र प्रकरण आहे. आत वायूचा दाब साचलेला असतो, म्हणून उघडण्यापूर्वी तीही बर्फात ठेवावी लागते आणि आमच्या लादीला आणखी एक वाटेकरी मिळतो. धूरकक्षाचा, म्हणजे त्रासदायक वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा विजेवर चालतो आणि वीज तिच्या मर्जीवर चालते. ती गेली की वर्गातील सगळ्यांचे डोळे एकदमच पाणावतात. या वातावरणामुळे दारावरून जाणारे कला शाखेचे प्राध्यापक आमच्या परीक्षा फार कडक असतात असे समजतात, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करीत नाही.

द्रावणात अल्कोहोल घालून, बीकर बर्फात ठेवून निळे स्फटिक मिळाले, तर ते गाळायचे कसे हा पुढचा प्रश्न. पुस्तक म्हणते, सक्शन पंप वापरा. हवा खेचून गाळणे झटपट उरकणारा हा पंप नळाच्या धारेवर चालतो. चमचाभर स्फटिक कोरडे करण्यासाठी बादल्याच्या बादल्या पाणी मोरीत सोडावे लागते. ज्या जिल्ह्याला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर, तिथे नळ असा मोकळा सोडलेला पाहून कोणाच्याही पोटात खड्डा पडेल. मामांनी पंपाचे तोंड तेव्हाच चिंधीने बांधून टाकले आणि ती गाठ सोडण्याचा अधिकार प्राचार्यांनाही नाही. आम्ही साध्या नरसाळ्यात फिल्टर पेपर घालून गाळतो आणि वाट पाहतो.

मराठवाड्याने या प्रयोगाला मुक्तहस्ते काही दिले असेल तर ती कोरडी हवा. तिचाही उपयोग होत नाही. हे निळे स्फटिक उघड्यावर ठेवले की त्यांतला अमोनिया हळूहळू उडून जातो आणि रंग फिका पडतो. म्हणून घाईने वाळवले तर पदार्थ बिघडतो आणि न वाळवले तर ओला राहतो. विद्यार्थी दुसरा मार्ग पसंत करतात, कारण ओला पदार्थ वजनाला भरतो. 5 ग्रॅम मोरचुदापासून हिशेबाने फार तर 4.92 ग्रॅम पदार्थ मिळू शकतो. एकीने 6 ग्रॅम मिळवला. यील्ड, म्हणजे हिशेबाच्या तुलनेत हाती आलेला पदार्थ, 122 टक्के आले कसे, असे विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, "सर, मी वाया काहीच जाऊ दिलं नाही." पाणी आणि अल्कोहोल धरून हे शब्दशः खरे होते.

पोटॅशियम ट्रायऑक्झॅलेटोफेरेट या लोहाच्या हिरव्या संयुगाची तऱ्हा आणखी वेगळी. 100 मिलिलिटर पाण्यात ते 0 अंशाला जेमतेम 5 ग्रॅम विरघळते आणि 100 अंशाला 100 ग्रॅमहून अधिक, म्हणजे स्फटिक हवे तर गारठा हवाच. शिवाय ते उजेडात टिकत नाही. प्रकाशाने त्यातील लोहाचे रूपांतर होते आणि हिरवा रंग जाऊन पिवळे चूर्ण उरते. हा गुण इतका भरवशाचा आहे की प्रकाश मोजण्यासाठी हॅचर्ड आणि पार्कर यांनी 1956 मध्ये याच संयुगाचा उपयोग रूढ केला. आमच्याकडे ऊन मोजण्याची निकड कोणालाच नसते, तरी लवकर वाळावे म्हणून कोणीतरी ते खिडकीत ठेवतोच.

यंदाच्या परीक्षेत दुपारच्या तुकडीला हेच संयुग यायचे होते. मामा रसवंतीवरून रिकाम्या हाताने परतले. गावात लग्नाची दाट तीथ होती आणि सगळा बर्फ मठ्ठ्यात गेला होता. बहिःस्थ परीक्षक पांढरीशुभ्र सफारी घालून आले होते आणि वीज नसल्याने उत्तरपत्रिकेने वारा घेत होते. मी सुचवले की निकेल डायमिथिलग्लायऑक्झाइम हे निकेलचे लाल कॉम्प्लेक्स देऊ. त्याला बर्फ लागत नाही, ते गरम द्रावणातच साकळते आणि उन्हाने त्याचे काही बिघडत नाही. त्यांनी तत्काळ होकारार्थी मान हलवली. तासाभरात प्रत्येक बीकरमध्ये लालभडक गाळ फुगून आला. हा पदार्थ घरात भरलेल्या कापसासारखा, जागा सगळी व्यापतो आणि काट्यावर ठेवला तर वजन नाही. विद्यार्थी मात्र ढीग पाहून हरखले. बंद पडलेल्या ओव्हनऐवजी दारातल्या उन्हात तो खडखडीत वाळला, घड्याळकाचांवर ओळीने मांडला गेला, पहिल्या बैठक क्रमांकाचा विद्यार्थी तराजूकडे निघाला, आणि वीज आली. छताचे पाचही पंखे पाचवर होते.

त्या तुकडीत सर्वांचेच यील्ड निम्म्याच्या खाली भरले. उरलेला माल परीक्षकांच्या सफारीवर स्पष्ट दिसत होता, पण तो कोणाच्या बैठक क्रमांकावर धरायचा यासाठी गुणपत्रकात रकाना नव्हता.