संत्र्याची फळगळ ‘निसार’मुळे नाही

काटोल-नरखेडपासून नागपुरातल्या सोसायट्यांपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. म्हणे नासा-इस्रोच्या ‘निसार’ उपग्रहाचे रडार किरण ढग भेदून येतात, म्हणजे ते भयंकर तीव्र. त्यांनीच आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या बहराची, फळं गळताहेत. शिवाय त्याला छताखालची माणसं दिसतात, आणि 2023चा नागपुरातल्या अंबाझरी तलावाचा पूर असल्या उपग्रहांना आधीच दिसला होता, तो लपवला गेला.

पुराचं आधी. ‘निसार’ सुटला 30 जुलै 2025ला. त्याआधीही रडार उपग्रह होते, पण ते जमिनीवर पसरलेलं पाणी दाखवतात, येऊ घातलेलं नाही. 23 सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत पाणी घरात शिरलं. ठरलेल्या दिवशीच वरून जाणारा उपग्रह त्याची आगाऊ खबर कुठून देणार?

छताचं तर विचारूच नका. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे काही मीटर. टिनावरून रडारची लहर सरळ परत फिरते.

आता मुख्य आरोप. ढगातून लहर पार होते ती जोरामुळे नव्हे, लांबीमुळे. ‘निसार’ची एक लहर 24 सेंटिमीटरची, दुसरी साधारण 10ची, ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याचा. एवढासा थेंब तिला अडवतच नाही. आणि जोर किती? रडारची ताकद अगदी 10 किलोवॅट धरा. 747 किलोमीटर उंचीवरून ती हजारो चौरस किलोमीटरवर पसरते. एका चौरस मीटरच्या वाट्याला वॅटचे काही दशलक्षांश येतात, तेही 12 दिवसांत दोनदा, काही सेकंद. भर दुपारी तेवढ्याच जागेवर सूर्य हजारेक वॅट ओततो.

मला राग येतो तो यासाठी, की आकाशाकडे बोट दाखवलं की बुंध्याकडे कुणी बघत नाही. फळगळ उपग्रहांच्या कितीतरी आधीची आहे. पडलेलं फळ उचलून दाबा: टाचणीएवढ्या छिद्रातून रस आला, तर रस शोषणारा पतंग. देठापाशी तपकिरी कूज असेल, तर बुरशी. दोन्ही नसेल, तर झाडाखाली उकरून मुळं पाहा. भारी काळ्या जमिनीत सततच्या पावसाने पाणी साचलं की ती सडतात. चर काढून ते पाणी आजच बाहेर काढा, आणि फवारणीआधी ती फळं नागपुरात अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा.