फी माफ आहे, पण ओटीपी घरच्या फोनवर जातो

भाऊ, तुरुंगातल्या कैद्यांच्या शिक्षणाला मदत वाढवा, या माझ्या म्हणण्यावर तुमचे मुद्दे दोन. ‘आमच्या पोट्ट्यांची स्कॉलरशिप वर्ष-वर्ष येत नाही अन् तुम्ही कैद्यांची मदत वाढवा म्हणता’ हा पहिला. ‘इग्नू त्यांना फुकट शिकवतेच, आणखी काय पाहिजे?’ हा दुसरा. (इग्नू म्हणजे दूरशिक्षण देणारं केंद्राचं मुक्त विद्यापीठ.)

स्कॉलरशिपचा राग रास्त आहे, पण ती कैद्यांमुळे अडकलेली नाही. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचा, पैसा आधार लागलेल्या खात्यात जातो. पुष्कळदा ते खातं जुनं, बंद पडलेलं जनधनचं निघतं. नाहीतर अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून असतो. आधी बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला लागलंय ते बघा. इग्नूची फीमाफी स्कॉलरशिपच्या पैशातून होत नाही. विद्यापीठ स्वतःची फी सोडतं. अमेरिकेत हाच आक्षेप घेऊन १९९४ साली कैद्यांची पेल ग्रँट, म्हणजे गरीब विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत, बंद केली. तेव्हा सुमारे ४० लाख लाभार्थ्यांत कैदी होते २३ हजार, म्हणजे एक टक्काही नाही, आणि त्यांच्यामुळे एकाही पात्र पोराचं नाव कटत नव्हतं. १ जुलै २०२३ पासून ती पुन्हा सुरू झाली.

आता दुसरा मुद्दा. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला २०२४ पासून डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक, लागतो. त्यासाठी आधी एबीसी आयडी (विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा नंबर), अन् त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर. माणूस नागपूरच्या तुरुंगात, फोन दारव्ह्याकडच्या खेड्यात बायकोजवळ, ती वावरात, ओटीपी काही मिनिटांचाच. नंबरच बंद पडला असेल तर नवा जोडायला बोटाच्या ठशासारखी त्या माणसाचीच ओळख पटवावी लागते, म्हणून आधारचं मशीनच आत न्यावं लागतं. जानेवारी आणि जुलै या दोन्ही प्रवेशांआधी ते आत गेलंच पाहिजे, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही त्यांच्यासाठी. देशातल्या तुरुंगांत दर चारांपैकी जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत. जुलैत प्रवेश घेतला, ऑक्टोबरात जामीन झाला की पुस्तकं आत राहतात, डिसेंबरचं परीक्षा केंद्रही तुरुंगातलंच. केंद्र बदलायचा अर्ज कुणी भरून देत नाही. पुढची फी अन् एसटीचं भाडं त्याच्या मजुरीतून. बीए तीन वर्षांचं, पूर्ण करायला सहा वर्षं मिळतात. बाहेर आल्यावरही फीची माफी तेवढीच वर्षं चालावी.

तोवर घरच्यांनी आधारला जोडलेल्या नंबरचं रिचार्ज तुटू देऊ नये. बारावीची गुणपत्रिका अन् टीसीच्या झेरॉक्स तुरुंगातल्या भेटीच्या दिवशी नेऊन द्याव्यात, मूळ कागद घरीच ठेवावेत, आणि ओटीपीचा दिवस-वेळ तुरुंगातल्या शिक्षकांकडून आधीच ठरवून घ्यावी.