उंदरांच्या भुलेचा तो फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका

भाचीनं काल एक फॉरवर्ड पाठवला, "मामा, हे बरोबर आहे ना?" विचारत. ती नुकतीच लॅबमध्ये उंदरांवर काम करायला लागलीय, म्हणून डोकं जरा जास्तच फिरलं. मेसेज असा: भुलेची दोन औषधं, केटामाइन 100 आणि झायलाझिन 10 मिलिग्रॅम पर किलो, उंदीर कुठलाही असो, पाठीवर ठेवल्यावर पालथा झाला नाही की कापायला घ्या, पाच मिनिटांत आडवा नाही झाला तर पूर्ण डोस परत द्या, स्वतः डोस शोधायला गेलात तर शंभर उंदीर लागतील.

परत पूर्ण डोस?? अहो, पोटात सुईनं दिलेलं औषध चढायला कधीकधी दहा मिनिटं लागतात, सुई आतड्यात किंवा चरबीत गेली तर आणखी उशीर, आणि तेवढ्यात दुसरा डोस दिला की दोन्ही एकदम चढतात, झायलाझिननं ठोके आणि श्वास मंदावतात आणि उंदीर उठतच नाही. वाढवायचंच असेल तर थांबून, फक्त केटामाइन, मूळ डोसच्या तिसरा हिस्सा ते निम्मं. झायलाझिन परत नाही. शिवाय 25 ग्रॅमच्या उंदराला केटामाइन बसतं अडीच मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला 50 मिलिग्रॅमच्या व्हायलमधून 0.05 मिली. सलाइननं पातळ केल्याशिवाय हे नीट मोजणार कसं, त्यावर चकार शब्द नाही!

पालथं होता आलं नाही म्हणजे फक्त शुद्ध गेली, दुखणं थांबलंच असं नाही. मागच्या पायाचं बोट चिमटून बघा, पाय ओढला तर कापायचं नाही. (डोळे उघडेच राहतात, मलम घाला. अंग गार पडतं, खाली उब द्या.)

100 आणि 10 हे आकडे हवेतले नाहीत, तेवढं मान्य. केटामाइन 80 ते 100, झायलाझिन 5 ते 10 असं सर्रास वापरतात. पण ती सुरुवात झाली. स्ट्रेन (म्हणजे उंदराचा वाण), वय, नर-मादी, सगळ्यानं फरक पडतो.

आणि शंभर उंदीर? डिक्सन आणि मूड या संख्याशास्त्रज्ञांनी 1948 मध्येच वर-खाली पद्धत मांडली, तीही मुळात स्फोटकं किती धक्क्याला उडतात ते बघायला वापरायचे. एका उंदराला भूल लागली की पुढच्याला एक पायरी कमी, नाही लागली तर एक पायरी जास्त, थोडक्या उंदरांत ईडी50 चा, म्हणजे निम्म्या उंदरांना भूल लागेल अशा डोसचा, अंदाज येतो. फक्त तोच डोस ऑपरेशनला वापरू नका, त्या डोसला निम्मे उंदीर अजून पाय ओढत असतात.