३२ पट खरं, पण अर्धवट

'एप्स्टाइन-बार विषाणूची लागण झाली की एमएसचा धोका ३२ पट' हे एमएसवरच्या (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) लेखातलं वाक्य चूक नाही, पण अर्धवट आहे. २०२२ चा तो अभ्यास अमेरिकी सैनिकांवरचा. शिवाय जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांच्या अंगात हा विषाणू असतोच; एमएस होतो तो फार थोड्यांना. माझ्या वहिनीला एमएस आहे. असलाच एक फॉरवर्ड वाचून आमच्या काकूंनी तिचं ताट-वाटी वेगळं काढलं! 'एमएस संसर्गजन्य नाही' एवढी एक ओळ तरी टाकायची.

आणि लेखात सिगारेट कुठे गेली? धूम्रपानाने धोका वाढतो, झालेला आजारही लवकर बळावतो. घरात दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटच्या धुरानेही धोका वाढतो. वहिनीच्या न्यूरॉलॉजिस्टने तर पहिल्याच भेटीत दादाला खिशातलं सिगारेटचं पाकीट टेबलावर काढून ठेवायला लावलं होतं.