‘नुसती नक्कल’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडच्या जुन्या लाल किटल्यांवरच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की या किटल्यांना मी ‘चिनी मातीच्या’ म्हटलं ते चूक. आणि चीनमधल्या यीशिंगच्या किटल्यांची ही नुसती नक्कल असताना मी त्यांचं उगाच कौतुक केलं.

पहिली चूक कबूल. चिनी माती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी, चकचकीत बशी येते. ही भांडी तांबड्या मातीची, झिलई न दिलेली, कडक भाजलेली. लेख दुरुस्त केला आहे. त्या काळी मात्र इंग्लंडमध्येही हे शब्द असेच सैल वापरले जात. लंडनजवळच्या फुलमचा कुंभार जॉन ड्वाइट याच्या १६८४ च्या पेटंटमध्ये अशा मालाला अपारदर्शक, लाल ‘पोर्सिलेन’ म्हटलेलं आहे.

नकलेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. यीशिंगच्या किटल्या चहाच्या व्यापाराबरोबर युरोपात आल्या आणि त्या बघूनच तिकडे लाल किटल्या घडू लागल्या, यात वाद नाही. जॉन फिलिप आणि डेव्हिड या एलर्स बंधूंनी १६९० च्या दशकात स्टॅफर्डशायरमध्ये ब्रॅडवेल वूडला काम केलं. त्यांच्या किटल्यांवर प्लमच्या फुलांची उठावदार डहाळी दिसते, ती चिनीच. पण ती तिथे बसवली कशी, तेही बघा. भांड्याच्या अंगावर मातीची बारीक गोळी ठेवायची, तिच्यावर धातूचा ठसा दाबायचा आणि कडेने बाहेर आलेली माती खरवडून टाकायची. पाकळी न पाकळी रेखीव उठते. हा हात कुंभाराचा नाही. एलर्स बंधू मूळचे चांदीकाम करणारे होते.

भांड्याच्या घडणीचंही तेच. यीशिंगचा कारागीर थापटलेल्या मातीच्या पट्ट्या जोडून किटली उभी करतो. एलर्सनी मातीचा पातळ घोळ साच्यात ओतला आणि भांडं सुकत आल्यावर ते बाहेरून लेथवर कातलं. १७७७ साली जोसाया वेजवुड या नामवंत इंग्रज कुंभाराने आपला भागीदार बेंटली याला लिहिलेल्या पत्रात हे सगळं नोंदवलंय: लाल माती चाळून घेणं, साचा, लेथ, वर ‘चहाची डहाळी’. आणि हो, चिनी मालाचं अनुकरण असंही तो तिथेच म्हणतो. त्याला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. मलाही दिसत नाही.

किटलीच्या तळाचा चौकोनी शिक्का म्हणजे तर उघड नक्कल, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. चिनी अक्षरांसारखा दिसणारा तो शिक्का अक्षरओळख नसलेल्याने मारलेला असतो. त्याला मीही नक्कलच म्हणेन. पण असे शिक्के बहुतेक अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या मालावर सापडतात. त्यातल्या कितीतरी किटल्यांच्या अंगावर नागमोडी, चौकटीदार रेघा असतात. वेजवुडने १७६३ च्या सुमारास मातीकामात आणलेल्या खास लेथवर अशा रेघा कोरल्या जात. ते तंत्र धातू आणि हस्तिदंत कातणाऱ्यांकडचं, यीशिंगमधलं नव्हे. अशी किटली उलटी केली की तळाला चीन, आणि सुलटी केली की अंगावर बर्मिंगहॅमच्या धातू कारखान्यांतली रेघ.